गुळवेल आणि 'साइड इफेक्ट नाहीत'

नावात गूळ, चवीला कडूजहर! तर आजचा विषय गुळवेल. संस्कृतातली गुडूची किंवा अमृता. जुनाट ताप, मधुमेह, संधिवात यांवर आयुर्वेदात ती शतकानुशतकं वापरतात, आणि मला त्याची टिंगल अजिबात करायची नाहीये. (कडुनिंबावर चढलेली असली तर जास्तच गुणकारी, असं जुनी माणसं सांगतात.)

माझं भांडण एकाच वाक्याशी आहे. "आयुर्वेदिक आहे हो, साइड इफेक्ट नाहीत."

अरे पण असं कसं? ती प्रतिकारशक्तीला चालना देते, हाच तर तुमचा दावा ना? मग ज्याची प्रतिकारशक्ती उलटी फिरून स्वतःच्याच शरीरावर हल्ला करतेय, त्याला ही चालना दिली तर काय होईल? २०२०च्या शेवटी मुंबईतल्या डॉक्टरांकडे लिव्हरला इजा झालेले सहा रुग्ण आले. सगळे गुळवेल घेणारे. २०२२ मध्ये देशभरातल्या १३ केंद्रांमधल्या अशाच ४३ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात बऱ्याच जणांचा आजार ऑटोइम्यून हेपॅटायटिससारखा दिसत होता. लाखो लोकांनी काढे प्यायले, त्यात ४३ म्हणजे काहीच नाही, हे मान्य. पण लिव्हर आपलं असलं की टक्केवारी सुचत नाही.

आयुष मंत्रालयाचं २०२१ मधलं उत्तर असं, की रुग्णांनी खरी गुळवेल (टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया) नव्हे, तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा घेतली असेल. बरं, असेल! पण मग हे आणखीच गंभीर झालं की. सोसायटीच्या कुंपणावरून कांडी तोडणाऱ्या काकूंना क्रिस्पा कुठली नि कॉर्डिफोलिया कुठली, हे कळणार कसं?

आणि गंमत बघा. ऑक्टोबर २०२० च्या सरकारी आयुर्वेदिक प्रोटोकॉलमध्ये गुडूची घनवटीचा डोस दिला होता: ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, १५ दिवस ते महिनाभर किंवा वैद्य सांगतील तसं. म्हणजे मात्रा, मुदत, वैद्य, सगळं त्यात होतं. आपण काय केलं? वैद्य गाळला, मुदत गाळली आणि रोज सकाळी ग्लासभर रस चालू केला. वर्षभर! क्रोसिनसुद्धा असं कोणी घेत नाही.

तेव्हा घरात कोणाला ऑटोइम्यून आजार किंवा लिव्हरचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही बाटली उघडू नका. घेत असताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर लगेच बंद करा, लिव्हर फंक्शन टेस्ट करून घ्या, आणि डॉक्टरांना गुळवेलीचं नाव आवर्जून सांगा. "औषध काही चालू आहे का?" म्हटल्यावर आपल्याकडे कोणी काढा मोजतच नाही.