राखाडी घ्या, पण आधी भिंतीवर बघा

यंदा घराला राखाडी रंग काढायचं मनात असेल तर खुशाल काढा. ‘राखेचा रंग काय देताय घराला’ म्हणणारी एखादी आत्या प्रत्येक घरात असते. तिचं ऐकून घ्या आणि पुढे चला. शेणाने सारवलेली जमीन, शहाबादी फरशी, सिमेंटचा कोबा, म्हणजे राखाडी आपल्या घरांत पायाखाली होताच. आता तो भिंतीवर चढतोय, एवढंच. माझं म्हणणं रंगाविरुद्ध नाही. शेड कार्डावरून, मोबाइलवरच्या फोटोवरून किंवा डोंबिवलीच्या मेहुण्याचा फ्लॅट बघून राखाडीचा नंबर ठरवू नका, इतकंच सांगायचं आहे. तो तुमच्याच खोलीत, तुमच्याच जमिनीशेजारी, तुमच्याच उजेडात ठरवा. लांजा तालुक्यात तर याला पर्याय नाही, आणि तो का नाही हे जरा बैजवार सांगितलं पाहिजे.

पिवळी भिंत पिवळी असते, वाद नसतो. राखाडीचं तसं नाही. दुकानातलं मशीन पांढऱ्या बेसमध्ये काळ्याचे थेंब सोडतं, पण नुसत्या काळ्यावर भागत नाही; सोबत थोडा पिवळा, थोडा तांबडा, कधी निळा किंवा हिरवा जातो. हे प्रमाण इतकं कमी की कार्डावरच्या बोटभर तुकड्यात ते कळतच नाही. चारही भिंती रंगल्या की मात्र वर येतं. मग एकीची खोली निळसर दिसते, दुसरीची जांभळट, तिसरीची शेवाळी. आणि तिघींनीही दुकानात ‘लाइट ग्रे’च मागितलेला असतो. काही पेंटर पांढऱ्या डब्यात काळं स्टेनर ढवळून जागेवरच राखाडी करून द्यायला तयार असतात. स्वस्तही पडतं. करू देऊ नका. तसा राखाडी बहुधा निळसर आणि थंड निघतो, आणि दुसऱ्या बादलीत तोच रंग पुन्हा जुळवणं कोणाच्या बापाला जमत नाही.

पांढऱ्याच्या पोटात दुसरा रंग असतो हे जुन्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. चुन्याचा पिवळेपणा मारायला ती त्यात चिमूटभर नीळ टाकायची. राखाडीच्या पोटात काय आहे हे ओळखायचं असेल तर शेड कार्डावर त्याच पट्टीतला सगळ्यात गडद रंग बघा. फिकट तुकड्यात लपलेला निळा किंवा हिरवा तिथे उघडा पडतो. आणि तुकडा बघताना शेजारी कोरा पांढरा कागद धरा. तीन-चार राखाडी एकमेकांना लावून ठेवले तर कोण कुठे झुकतोय हे पोरसुद्धा सांगेल.

आता आपल्या मुलखाकडे या. इथे चिरा तांबडा, गडगा तांबडा, अंगणातली माती तांबडी, कौलं तांबडी, आणि जुन्या घरात पडवीची जमीनही लाल कोब्याची. मे महिन्यात दुपारचं ऊन सरळ वरून येतं. आपल्या अक्षांशावर तर साधारण मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सूर्य माध्यान्ही किंचित उत्तरेलाच असतो. हे ऊन खळ्यात पडतं, तिथून उसळून खिडकीतून आत शिरतं आणि येताना मातीचा तांबूसपणा घेऊन येतं. त्या उजेडात फिकट राखाडी भिंतीला, विशेषतः वरच्या अंगाला, गुलाबट झाक येते. बघणाऱ्याला बरं वाटतं, तो नंबर पक्का करतो.

मग जूनमध्ये पाऊस लागतो. आपल्या जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळणारा हा पाऊस गडग्यांवर शेवाळ चढवतो, खळ्यात तण माजवतो, आणि खिडकीसमोरचा उघडा बोडका दरडीचा उतार पंधरा दिवसांत हिरवागार करून टाकतो. ऊन नाहीच. ढगातून गाळलेला उजेड आणि त्यात झाडांची हिरवी झाक. मेमध्ये गुलाबट वाटलेली भिंत जुलैत हिरवट, ओलसर दिसते आणि घरातली बाई म्हणते, रंग उडाला. रंग उडालेला नसतो.

याच्या जोडीला डोळ्याची एक खोड आहे. पॅरिसच्या गोबेलिन गालिचा कारखान्यात मिशेल शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाईखात्याचे प्रमुख होते. काळा धागा विणकामात फिका दिसतो अशा तक्रारी त्यांच्याकडे आल्या. त्यांनी तपासलं तर रंग ठणठणीत निघाला. दोष होता शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा. शेजारचा रंग आपल्या उलट्या रंगाची छटा पलीकडे टाकतो, असं त्यांनी दाखवून दिलं आणि 1839 मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. लाल कोब्याला लागून असलेली राखाडी भिंत हिरवट-निळसर का भासते, याचं उत्तर तिथे आहे. फणसाच्या पिवळसर दाराशेजारी तीच भिंत जांभळट वाटेल. म्हणजे खळ्यातलं ऊन भिंतीला तांबडेपणा देतं आणि लाल जमीन डोळ्याला हिरवेपणा दाखवते; दोन्ही एकाच खोलीत. कोण वरचढ ठरेल हे कार्ड सांगू शकत नाही, दुकानदार नाही, मीही नाही.

मुंबईच्या टॉवरात हा घोळ कमी असतो. बाराव्या मजल्यावर माती नाही, झाड नाही. उजेड आकाशाचा आणि समोरच्या इमारतीचा, फरशी पांढरी. तिथे शोभलेला निळसर राखाडी कोडसकट व्हॉट्सॲपवर इकडे येतो, कोट किंवा साटवलीच्या घरात लागतो आणि दवाखान्यासारखा दिसू लागतो. परदेशी मासिकांतला ‘उत्तरेच्या खोलीला उबदार रंग द्या’ हा नियमही त्यांच्याकडचाच. लंडनला माध्यान्हीचा सूर्य उत्तरेला कधीच जात नाही. आपल्याकडे खिडकी कुठल्या दिशेला आहे यापेक्षा तिच्यापुढे काय आहे ते बघावं: पाखं किती खाली आलंय, पडवी किती रुंद आहे, समोर फणस आहे की चिऱ्याची भिंत.

विचाराल तर माझा कौल असा: लाल जमीन, चिरा आणि जुनं लाकूड असलेल्या घरात मातकटाकडे झुकणारा फिकट राखाडी घ्यावा, ज्याच्या पोटात थोडा पिवळा-तपकिरी आहे. निळसर राखाडी तिथे चिऱ्याला भडक करतो आणि स्वतः गारठतो. माचाळसारख्या उंचावरच्या गावात, जिथे पावसाळ्यात धुकं दारात येऊन बसतं, तिथे तर तो नकोच. पांढऱ्या व्हिट्रिफाइड फरशीच्या नव्या घरात मात्र निळसर चालेल, आवडत असेल तर. आणि चिऱ्याची उघडी भिंत असेल तिला कुठलाच राखाडी लावू नका. तिच्या शेजारच्या भिंतीला लावा.

गडदपणाचाही एक आकडा असतो. रंग किती उजेड परत फेकतो ते 0 ते 100 मध्ये मोजतात. 0 म्हणजे काळाकुट्ट, 100 म्हणजे पांढराशुभ्र. बऱ्याच कंपन्या शेडसोबत हा आकडा देतात, त्याला एलआरव्ही म्हणतात. दुकानात विचारा. माजघरासारख्या मधल्या, खिडकी नसलेल्या खोलीत 65 च्या खाली जाऊ नये असं मी म्हणेन. ओटीवर, जिथे दिवसभर उजेड आहे, तिथे 50 पर्यंत उतरलात तरी हरकत नाही. कोळशासारखा गडद राखाडी फोटोत देखणा दिसतो. आपल्या पावसाळी दुपारी त्या खोलीत तांदूळ निवडायला बसून बघा.

तर भिंतीवर बघायचं कसं? थेट भिंतीवर चार पट्टे ओढू नका. जुनी भिंत पिस्ता असेल तर त्यावरचा राखाडीचा पट्टा पिस्त्यामुळेच तांबूस दिसेल, शेव्रलसाहेबांचाच न्याय. त्याऐवजी जाड पुठ्ठा किंवा प्लायचा तुकडा घ्या, दोन फूट बाय दोन फूट तरी हवा. त्यावर आधी पांढरा प्रायमर, मग निवडलेल्या शेडचे दोन हात, आणि कडेने दोन बोटं पांढरी जागा सोडा. मिळेल तो सगळ्यात छोटा डबा यासाठी आणा. खर्च होतो, पण सगळी खोली दुसऱ्यांदा रंगवण्यापुढे तो काहीच नाही. ओला रंग बघून मत बनवू नका, पूर्ण वाळू द्या. मग तो तुकडा जमिनीला टेकवून उभा करा, कारण जमिनीशी त्याचं जमतं का हेच तर बघायचं आहे. सकाळी बघा, भर दुपारी बघा, दिवेलागणीला बघा. खिडकीच्या समोरच्या भिंतीवर धरा आणि खिडकीच्याच भिंतीवरही धरा; खिडकीच्या भिंतीवर उजेड थेट पडत नाही, तिथे तोच रंग चांगला दोन शेड गडद वाटतो. दाराच्या चौकटीला लावून बघा. मेमध्ये हे करत असाल तर पावसाळ्याचा अंदाज यायला एक साधी युक्ती आहे: सूर्य मावळल्यानंतर आणि दिवे लागण्याआधीच्या वेळेत बघा. तो मंद, निळसर उजेड जुलैच्या दुपारच्या बराच जवळ जातो. त्या वेळी तुकडा मळका वाटला तर पावसाळाभर भिंत मळकीच वाटणार.

रात्रीचा दिवाही त्यात धरा. एलईडीच्या खोक्यावर आकडा छापलेला असतो: 3000 के म्हणजे पिवळसर, 6500 के म्हणजे पांढरा-निळसर. आपल्याकडे बहुतेक घरांत 6500 वाली ट्यूब आहे आणि ती निळसर राखाडीला आणखी गारठवते. रंग बदलण्यापेक्षा ट्यूब बदलणं स्वस्त, हे विसरू नका. कधी कधी तेवढ्यानेच काम भागतं.

इतकं करूनही भिंत ओली असेल तर सगळं पाण्यात. राखाडी ओल लपवत नाही, उलट दाखवतो: गडद असेल तर क्षाराची पांढरी फुली उठून दिसते, फिकट असेल तर बुरशीचे काळे ठिपके. पश्चिमेची भिंत आपल्याकडे झड खाते. पूर्वी तिला झावळ्यांची झापं बांधायचे, आता प्लॅस्टिक किंवा पत्रा लावतात. ती सोय आधी बघा. बाहेरच्या गिलाव्याच्या चिरा भरा, स्लॅबवर पाणी साठतं का बघा, मग आतल्या रंगाचं बोला. भिंतीत ओल आहे का हे कळायला हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतल्या बाजूला दव धरलं असेल तर पेंटरला थांबवा. नव्या गिलाव्याला तर किमान 28 दिवस द्यायलाच हवेत. सिमेंटमधला क्षार निवला नसेल तर राखाडीवर ढगांसारखे डाग उमटतात आणि दोष डब्याला मिळतो.

म्हणूनच एक कळकळीची विनंती: गणपतीच्या तोंडावर रंग काढू नका. कळतं, चाकरमानी येणार, पाहुणे येणार, घर चकचकीत दिसायला हवं. पण श्रावण-भाद्रपदात हवाच इतकी दमट की एक हात दुसऱ्या दिवशीपर्यंत धड वाळत नाही, आणि पेंटरला पुढच्या घरी जायची घाई. पुट्टी ओली, त्यावर प्रायमर ओला, त्यावर रंग. दिवाळीपर्यंत पोपडे. रंगकाम दिवाळीनंतर धरा. माघ-फाल्गुन सगळ्यात उत्तम. गणपतीच्या खोलीसाठी मात्र राखाडीची शिफारस मी आवर्जून करेन. फिकट, मातकट राखाडीपुढे मूर्तीचे रंग, माटवीतली फळं आणि जास्वंद जशी उठून दिसतात तशी गुलाबी किंवा निळ्या भिंतीपुढे दिसत नाहीत. ज्या घरात गणपतीमागच्या भिंतीवर जुनी चित्रं आहेत, त्यांनी तिला हातही लावू नये, राखाडीचा तर नाहीच.

कुठल्या कंपनीचा रंग, यात मी पडत नाही. कन्साई नेरोलॅकचा कारखाना आपल्याच जिल्ह्यात लोटे परशुरामला आहे, म्हणून तो आपल्या पावसाला जास्त टिकतो असं नाही. फिनिशचं म्हणाल तर चिऱ्यावरचा गिलावा क्वचितच सपाट असतो. त्याला मॅट बरा. चकाकणारा रंग प्रत्येक उंचवटा दाखवतो. स्वयंपाकघरात ओट्यामागे मात्र धुता येणारा घ्या, हळदीचा डाग राखाडीवर लपत नाही.

किती रंग लागेल? दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे चार भिंतींचे 440 चौरस फूट. दारं-खिडक्यांचे साठेक वजा करा, उरले 380. पुट्टी-प्रायमर नीट असेल तर लिटरभरात दोन हातांचं साधारण शंभर ते सव्वाशे फुटांचं काम निघतं, म्हणजे चार लिटर पुरावेत. ते एकाच वेळी, एकाच मशीनवर मिसळून घ्या. डबे दोन असतील तर मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच पहिला हात मारायला सांगा, नाहीतर जिथे एक डबा संपून दुसरा सुरू झाला ती रेघ राखाडीवर हमखास दिसते. झाकणावरच्या चिठ्ठीवर शेडचा कोड आणि बेसचं नाव असतं. तिचा मोबाइलवर फोटो काढा आणि चिठ्ठी मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवा. उरलेला रंग काचेच्या बरणीत घट्ट झाकून ठेवा, पुढच्या वर्षी सोफ्याने खरवडलेला कोपरा त्यातूनच भरायचा आहे.