मानेचा रुग्ण आणि पायांची परीक्षा

मान आखडली आहे, खांद्यातून हातात कळ उतरते, बोटांना मुंग्या येतात, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णाविना आपल्या जिल्ह्यातील कोणाही वैद्याचा आठवडा जात नसावा. आपण त्यास मन्यास्तंभ, विश्वाची वा अवबाहुक म्हणतो. रुग्ण मात्र ‘मणक्यात गॅप आहे’ असे स्वतःच निदान करून येतो. नावाविषयी आपल्या चर्चासत्रांत पुष्कळ चर्वितचर्वण झाले आहे. माझ्या मते निकडीचा प्रश्न निराळा आहे. चकती सरकून दबला आहे तो मज्जारज्जूतून निघणारा एखादा तंतू, की मज्जारज्जूच? याचे उत्तर मिळण्यापूर्वी मानेला हात लावू नये.

केवळ तंतू दबला असता चित्र बहुधा स्पष्ट असते. पाचव्या-सहाव्या मणक्यांमधील चकती सरकली तर कळ अंगठा व तर्जनीकडे जाते. सहाव्या-सातव्यामधील सरकली तर मधले बोट बधिर होते आणि कोपर सरळ करण्याचे बळ घटते. सुश्रुतांनी निदानस्थानात गृध्रसीला लागूनच विश्वाची सांगितली आहे. जे पायात ते हातात, हे साम्य त्यांच्या नजरेतून सुटले नव्हते. यांतील बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत वा महिन्यांत शस्त्रकर्माविना सुधारतात. आपल्या चिकित्सेचे श्रेय घेताना निसर्गाचा हा वाटा विसरू नये, एवढे जाता जाता नमूद करतो.

मज्जारज्जू दबलेला रुग्ण फसवा असतो. त्याची मान फारशी दुखत नाही, कित्येकदा मुळीच दुखत नाही. सदऱ्याची गुंडी लावता येत नाही, भाकरी पूर्वीसारखी थापता येत नाही, चालताना पायातली चप्पल निसटते आणि ते कळतही नाही, अंधारात तोल जातो, लघवीची घाई होते. ही लक्षणे रुग्ण आपणहून सांगत नाही, कारण त्यांचा मानेशी संबंध असेल असे त्याला वाटत नाही. साठीच्या रुग्णात ती वयाच्या माथी मारली जातात, मधुमेह्यात साखरेच्या. भूम, वाशी, कळंब, परंडा भागांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे हंगामभर डोक्यावर मोळ्या घेऊन शिडीने ट्रकवर चढतात. डोक्यावर ओझे वाहणाऱ्यांच्या मानेच्या मणक्यांत झीज अधिक आढळते, हे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत दिसले आहे. कारखान्याचा पट्टा पडल्यावर गावी परतलेल्या अशा रुग्णाला ‘थकवा आहे’ म्हणून बळवर्धक देण्यापूर्वी त्याला दहा पावले चालवून पाहावे.

परीक्षेला यंत्र लागत नाही. एका रेषेत टाचेला बोटे लावून चालण्यास सांगावे. १० सेकंदांत मूठ किती वेळा मिटता-उघडता येते ते मोजावे. २० पेक्षा कमी असल्यास शंका घ्यावी. मधल्या बोटाचे टोक टिचकावल्यावर अंगठा आत वळतो का, तळपाय ओरखडल्यावर पायाचा अंगठा वर उचलला जातो का, गुडघ्यावर हातोडा मारताच पाय वाजवीपेक्षा जोराने उडतो का, हे पाहावे. क्ष-किरण चित्रात ना चकती दिसते ना मज्जारज्जू. त्यासाठी एमआरआयच हवा. उलटपक्षी, काहीही त्रास नसलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्ये चकतीचे फुगवटे दिसतात. तेव्हा केवळ अहवाल वाचून रुग्णास घाबरवणेही तितकेच गैर आहे.

आता औषधांविषयी. विषतिंदुकादी वटी, अग्नितुंडी वटी यांत कुचला आहे. एकांगवीर रसास त्याची भावना आहे. कुचल्यातील स्ट्रिकनीन मज्जारज्जूतील निरोधक क्रिया रोखते, त्यामुळे प्रतिक्षेप वाढतात. ज्याचे प्रतिक्षेप आधीच तीव्र झाले आहेत, पाय ताठरले आहेत, त्याला कुचला देण्यात कोणती युक्ती? औषधालयाचे मालक येथे मोठे काम करू शकतात. ‘हातपाय बधिर’ एवढे ऐकून ही औषधे काउंटरवरून देऊ नयेत. वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना त्यांच्या वेष्टनावर छापलेली असते, ती शोभेसाठी नव्हे. मन्यास्तंभात सुश्रुतांनी रूक्ष स्वेद व नस्य सांगितले असता आपण सरसकट तेलाची ग्रीवाबस्ती का करतो, हा वाद तूर्त बाजूला ठेवतो. पण मज्जारज्जू दबल्याचा संशय असताना जोरकस मर्दन, मान ओढणे वा मोडणे हे कोणत्याच शास्त्रात बसत नाही. केशकर्तनालयातील मान मोडण्याविषयीही रुग्णास बजावावे.

‘रुग्ण पाठविला की तो आपला राहत नाही’ हा आक्षेप मी बैठकींतून ऐकला आहे. सुश्रुतांनी वातव्याधीची गणना आठ महागदांत केली ती वैद्याने आपली मर्यादा ओळखावी म्हणूनच. मज्जारज्जूवरील दाब जितका जुना, तितकी शस्त्रकर्मानंतरही सुधारणा अपुरी. गेलेले बळ पुष्कळदा परत येत नाही. आपल्याकडून सोलापूर सुमारे ७० किलोमीटर आहे, आणि आपण ‘आणखी एक महिना पाहू’ म्हटल्याने होणारा विलंब त्या प्रवासापेक्षा फार मोठा असतो. चिठ्ठीत नुसते ‘मानदुखी’ न लिहिता चाल, मुठीची संख्या, प्रतिक्षेप, लघवीची तक्रार आणि पहिले लक्षण केव्हा दिसले तो महिना लिहावा. पुढील शल्यचिकित्सकाला घाई किती करायची हे त्यावरून ठरविता येते.