पाण्याला पाळी असते, तशी फोनलाही पाहिजे



परवा गावातला एक पोरगा बांधावर आला. म्हणाला, "काका, मलाही तुमच्यासारखी हळद ऑनलाईन विकायचीय. पण मोटिव्हेशनच टिकत नाही. आठ दिवस जोर असतो, मग ऑर्डर नाही आली की फोनकडं बघू वाटत नाही." त्याला उभ्या उभ्या जे सांगितलं तेच इथं नीट लिहितोय. कारण हा प्रश्न मलाही पडला होता, आणि त्याचं उत्तर मला महाग पडलंय.

आधी माझा धंदा केवढा ते सांगतो. 30 गुंठे सेलम हळद. शिजवून, वाळवून, पॉलिश करून 18 क्विंटलच्या आसपास होते. त्यातली 4 क्विंटल दळून पावडर करतो आणि व्हॉट्सॲपवर विकतो. बाकीची सांगलीच्या मार्केटला. पुण्याच्या पोरानं फोनवरचं सगळं लावून दिलं, एफएसएसएआयची नोंदणी केली (तेव्हा वर्षाला 100 रुपये फी होती), पॅकिंग आमच्या सौ. बघतात. एवढाच कारभार.

2024 ला मार्च ते मे ऑर्डरी नुसत्या कोसळत होत्या. घरोघरी वर्षाचं तिखट-मसाला तेव्हाच होतो, हळदही तेव्हाच भरून ठेवतात. जून लागला आणि ऑर्डरी आटल्या. जुलैत एका आठवड्यात दोनच आल्या. मला वाटलं, धंदा बसला. मग मी ते व्हिडिओ बघायला लागलो. रोज पोस्ट टाका, सातत्य ठेवा, पहाटे चारला उठा. मीही पेटलो. सकाळी रील, दुपारी रील, संध्याकाळी किती जणांनी बघितलं ते मोजायचं.

पाऊस लागून राहिला होता. दरवर्षी मोठा पाऊस झाला की खोरं घेऊन खालच्या अंगाचे चर मोकळे करतो. त्या वर्षी रोज "उद्या बघू" चाललं. शेवटी सौ. म्हणाल्या, "खालची हळद पिवळी दिसतीया, एकदा जाऊन तरी या." गेलो. एक झाड धरून ओढलं तर सगळं हातात आलं. बुंधा मऊ, गड्डा मऊ, घाण वास. कंदकूज. चर काढले, आळवणी केली, पण कुजलेला गड्डा काय परत घट्ट होत नाही.

त्या साली वाळलेली हळद निघाली 11 क्विंटल. म्हणजे 7 कमी. मला दर मिळाला क्विंटलला 14 हजार. करा हिशोब, 98 हजार. आणि ऑनलाईन विकलेल्या 4 क्विंटलात, दळण, पाकीट, टपालखर्च वजा जाता मार्केटपेक्षा किलोमागं 85 रुपये जादा मिळाले होते. म्हणजे 34 हजार. फोननं 34 दिले आणि फोनच्याच नादात 98 गेले. सगळा दोष फोनचा नाही, पाऊसही जादा होता. पण चर मोकळे करणं माझ्या हातात होतं, आणि त्या हातात फोन होता.

तेव्हापासून माझं मत असं झालंय की धंदा उत्साहावर चालत नाही, पाळीवर चालतो. पिकाला पाणी द्यायला कुणाला मोटिव्हेशन लागतं का? शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. लाईट आली की उठायचं, पाळी कुणाची ते बघायचं, मोटर चालू करायची. मन लागतंय का हे कोण विचारत नाही. पहाटे चारला उठा म्हणणाऱ्यांनी रात्री एकला दारं धरून बघावीत, मग आपण बोलू.

म्हणून मी फोनलाही पाळी लावली. दुपारी जेवल्यावर अर्धा तास, रात्री धारा झाल्यावर अर्धा तास. बाकीच्या वेळी "रानात आहे, रात्री उत्तर देतो" असा निरोप आपोआप जातो, ती सोय फोनमध्येच आहे. पार्सल फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. सौ.ना रोज चार पाकिटांसाठी तराजू मांडायला लागत नाही, माझ्याही तालुक्याला चकरा होत नाहीत.

दुसरं, वही. ऑर्डर, पत्ता, पैसे आले का, सगळं वहीत. त्यात सौ.ची मजुरीही धरा. मी धरली तेव्हा त्या 85 चे 60 राहिले. वाईट वाटलं, पण खरा आकडा कळला. घरच्या बाईचे कष्ट फुकट धरून नफा दाखवायचा, हे शेतीतलं जुनं पाप आहे. ते ऑनलाईन आणू नका.

तिसरं, हंगाम ओळखा. जूननंतर ऑर्डरी कमी होणारच. ते अपयश नाही, ती उघडीप आहे. तेव्हा मी आठवड्याला एकच फोटो टाकतो, रानात जे असेल ते. भरणी असेल तर भरणी, तण असेल तर तण. हळद शिजायला लागली की जुन्या गिऱ्हाइकांना एक निरोप. निम्म्यापेक्षा जास्त माल त्यांच्यातच जातो. आणि संपली की संपली म्हणायचं, दुसऱ्याची आणून आपल्या पाकिटात भरायची नाही.

कुणी म्हणेल, उत्तर उशिरा दिलं की गिऱ्हाईक जातं. खरं आहे, काही गेली. पण गेलेल्या गिऱ्हाइकाच्या जागी दुसरं येतं. कुजलेल्या गड्ड्याच्या जागी त्या साली काही येत नाही.

पोराला एवढंच म्हटलं, "धंदा कर, जरूर कर. पण सकाळी आधी चर बघ, मग फोन."

आज मंगळवार, पार्सलं बांधायची आहेत. तुमचा अनुभव वेगळा असेल तर लिहा. रात्री धारा झाल्यावर वाचतो.