भूल उतरते, पण सावकाश

आईच्या बायपासनंतरची दुसरी सकाळ. झोपेचे औषध बंद करून पाच-सहा तास झाले, तरी तिने डोळे उघडले नव्हते. "आई, डोळे उघड ना," मी तीनतीनदा म्हटले. पापणीही हलली नाही. मी कॉलेजात मराठी शिकवणारी, मला औषधांतले काय कळणार? मनात नको ते विचार येऊ लागले.

भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी समजावून सांगितले. ऑपरेशननंतर श्वासाची नळी सहन व्हावी म्हणून रोग्याला काही तास गुंगीत ठेवतात. प्रोपोफॉल हे औषध दुधासारखे पांढरे असते. ते मेंदूत झटकन पोहोचते आणि थांबवले की स्नायूंत, चरबीत पसरते. म्हणून थोडा वेळ दिले तर माणूस काही मिनिटांत जागा होतो. पण तासन् तास दिले की ते चरबीत साठते आणि तिथून हळूहळू रक्तात परतते. धुतलेली वाकळ वरून कोरडी लागते, आतून ओलीच असते, तसे. मिडॅझोलाम आणखी रेंगाळते. यकृत त्याचे रूपांतर करते, पण त्या नव्या द्रव्यातही गुंगी असते आणि ते बाहेर टाकायचे काम मूत्रपिंडांचे. हार्ट-लंग मशीनवर शरीर थंड केले असेल तर यकृताचे काम मंदावते. ऑपरेशननंतर मूत्रपिंडेही कधी कुरकुरतात. त्यात आईचे वय 72.

दुपारी धारवाडहून मामा आले. तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "अक्का, कण्ण तेगी." आणि आईने डोळे उघडले! डॉक्टर हसले, "औषध उतरायची वेळ झालीच होती." असेलही.

त्या रात्री तिला भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या. मला ओळखेना, नुसती कन्नडमधून बोलत राहिली. याला डिलिरियम म्हणतात. हे वेड नव्हे. हृदयाच्या ऑपरेशननंतर वयस्कांत ते बऱ्याचदा दिसते आणि बहुतेकांचे काही दिवसांत निवळते. चष्मा, श्रवणयंत्र, ओळखीचा आवाज, रात्रीची शांत झोप यांची मदत होते. मामा दोन दिवस उशाशी बसून गावाकडच्या गोष्टी सांगत राहिले. तिसऱ्या दिवशी आईने मराठीत विचारले, "कॉलेजला रजा टाकलीस का गं?"

वाचकहो, घरात असा प्रसंग आला तर रोजची झोपेची गोळी, दारूची सवय, मूत्रपिंडाचा त्रास, आधीच्या भुलेचा अनुभव हे सारे डॉक्टरांना आधीच सांगा. लाजू नका. आणि रोग्याची भाषाही सांगा. आईच्या फॉर्मवर मातृभाषेपुढे 'मराठी' असे मीच लिहिले होते. तिला विचारलेच नव्हते.