जुन्या गाडीला लांबचा रस्ता हवा

हिवाळा आला की मुंबई-पुण्यात विंटेज गाड्यांच्या रॅली निघतात. चकाकते बंपर, नव्याने मढवलेल्या सीट आणि रस्त्याच्या दुतर्फा मोबाइल उंचावून उभी असलेली गर्दी. थोड्या किलोमीटरची फेरी होते, बक्षिसं वाटली जातात आणि दुपारपर्यंत गाड्या आपापल्या गॅरेजात कव्हराखाली परततात. काही तर ट्रेलरवर येतात आणि ट्रेलरवरूनच जातात. लोकांना जुन्या गाड्या पाहायला मिळतात, हे चांगलंच. पण गाडीच्या तब्येतीचा विचार केला, तर वर्षाकाठी अशा दोन-चार फेऱ्यांवर तिला ठेवणं हा तिच्यावर अन्याय आहे. तिला दिवसभराचा प्रवास हवा, वाटेत एखादा घाट हवा आणि रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडायची तयारी असलेला मालक हवा.

याचं कारण साधं आहे. पेट्रोल जळताना पाण्याची वाफही तयार होते. इंजिन थंड असेल तर ती वाफ आतल्या भागांवर पाणी होऊन बसते, थोडी ऑइलमध्ये उतरते, थोडी सायलेन्सरमध्ये साचते. तास-दीड तास चाललेल्या इंजिनात ऑइल पुरेसं तापतं आणि हे पाणी उडून जातं. दहा मिनिटांत बंद केलेल्या इंजिनात ते तसंच राहतं आणि गंज धरू लागतं. नुसत्या उभ्या गाडीचं दुखणं तर याहून मोठं. कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून मागे चिकट थर उरतो, तो जेटची बारीक भोकं बुजवतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि व्हील सिलिंडर आतून गंजतात. वॉटर पंपचं सील सुकतं. जिवापाड जपलेली गाडी दोन वर्षांनी रस्त्यावर काढायची म्हटलं, की टाकीपासून ब्रेकपर्यंत सगळं उतरवावं लागतं.

आता कायद्याकडे पाहू. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून विंटेज वाहनांना स्वतंत्र दर्जा दिला. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली खासगी गाडी विंटेज ठरते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, फेरनोंदणीला 5,000 रुपये आणि नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं. जुन्या गाड्यांकडे केवळ भंगार म्हणून न पाहणारा हा निर्णय मोलाचा होता. मात्र याच नियमांनी अशा गाडीच्या फिरण्यालाही कुंपण घातलं. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, त्यासाठीची ये-जा, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्याच कारणांसाठी ती रस्त्यावर आणता येते. घरच्यांना घेऊन पुण्याहून गणपतीपुळ्याला निघालेला मालक यातल्या कुठल्या रकान्यात बसणार? साधी नोंदणी ठेवून दर पाच वर्षांनी ती वाढवत राहण्याचा मार्ग आहे, पण मग विंटेज दर्जाचा उपयोग काय? सत्तरच्या दशकातल्या पहिल्या प्रीमियर पद्मिनी आता पन्नाशी ओलांडू लागल्या आहेत. हा प्रश्न आता संस्थानिकांच्या रोल्स-रॉइसपुरता राहिलेला नाही. वडिलांनी पै-पै साठवून घेतलेल्या, वर्षानुवर्षं नंबर लावून मिळवलेल्या गाडीपर्यंत तो आला आहे.

जर्मनीने वेगळी वाट धरली. तिथे 1997 पासून तीस वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपाच्या जवळ राखलेल्या गाडीला नंबराच्या शेवटी ‘एच’ अक्षर मिळतं. त्यासाठी तज्ज्ञ गाडी तपासतो, सरकार ठरावीक वार्षिक कर घेतं आणि मालक ती कुठेही चालवतो. तपासणी कडक, फिरणं मोकळं. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाची, म्हणजे ‘फिवा’ची, ट्युरिन सनदही हेच सांगते. गाडी चालवण्याची आणि सांभाळण्याची परंपरागत विद्या पुढच्या पिढीला द्यायची, तर गाडी प्रत्यक्ष वापरात हवी, अशी तिची भूमिका आहे. आपल्या नियमांनी गाडीचं शरीर वाचवलं, पण ही विद्या वाऱ्यावर सोडली.

मुळात मोटारीचा पहिला लांबचा प्रवास हाच दुरुस्तीचा प्रवास होता. ऑगस्ट 1888 मध्ये बर्था बेंझ नवऱ्याला, कार्ल बेंझ यांना, न सांगता त्यांनी बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन दोन मुलांसह मॅनहाइमहून फोर्ट्सहाइमला निघाल्या. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेकचे ठोकळे झिजले, तेव्हा वाटेतल्या चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. चढावर गाडी ढकलावी लागली. परतल्यावर त्यांनी ते सांगितलं आणि कार्ल बेंझ यांनी गाडीला चढासाठी आणखी एक गिअर दिला. कारखान्याच्या अंगणात फेऱ्या मारून ही उणीव कळली नसती.

1907 मध्ये पेकिंग ते पॅरिस शर्यतीत पाच मोटारी निघाल्या. 10 जूनला निघालेले प्रिन्स शिपिओने बोर्गेझे त्यांच्या ‘इताला’ गाडीतून 10 ऑगस्टला पॅरिसला पोहोचले. वाटेत रशियात गाडीचं लाकडी चाक मोडलं. सुटा भाग मिळण्याची शक्यताच नव्हती. एका खेडुत कारागिराने कुऱ्हाडीने लाकूड तासून चाक पुन्हा उभं केलं आणि त्याच चाकावर गाडी पुढे निघाली. ती इताला आज ट्युरिनच्या संग्रहालयात आहे. आपल्याकडेही ही जिद्द आहे. 2023 मध्ये अहमदाबादच्या एका कुटुंबाने 1950 ची एमजी वायटी गाडी लंडनपर्यंत नेली, जिथे ती बनली त्या ॲबिंग्डन गावाच्या भेटीसाठी.

महाराष्ट्रात मात्र हा विषय फियाटपाशीच, म्हणजे प्रीमियर पद्मिनीपाशीच, येऊन थांबतो. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनली. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगला जोडलेला गिअरचा दांडा, चारही चाकांना ड्रम ब्रेक. लांबच्या प्रवासाला आजही यापेक्षा चांगली जुनी गाडी शोधून सापडणार नाही, कारण बॉनेट उघडलं की सगळं हाताला लागतं. पंप, कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, डायनमो. प्रत्येक वस्तू उघडता येते, साफ करता येते, पुन्हा बसवता येते. आजच्या गाडीत एखादा सेन्सर गेला तर तो फेकून नवा लावायचा असतो. इथे पंपाचा पडदा फाटला तर फक्त पडदा बदलायचा.

मे महिन्यात कसारा घाट चढणारी फियाट हमखास एक धडा देते. इंजिनाला चिकटलेला पेट्रोलचा पंप तापतो, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, वाफ पंपाला पुढे ढकलता येत नाही आणि गाडी भर चढावर गप्प होते. नवखा माणूस बॅटरीपासून प्लगपर्यंत सगळं तपासत बसतो. जाणता माणूस पंपावर ओलं फडकं टाकतो, झाडाखाली थोडा वेळ थांबतो आणि पुन्हा चावी फिरवतो. उतारावरचा धडा वेगळा. ड्रम ब्रेक सतत दाबले की तापतात आणि पकड सोडतात, म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये तो उतरायचा. कंडेन्सरचं दुखणं तर गाडी तापल्यावरच बाहेर येतं. थंड असताना तो ठणठणीत वाटतो आणि लांब पल्ल्यावर इंजिन फटफट करू लागतं. रॅलीच्या मैदानात यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून शहाणा मालक डिकीत सामान घेऊनच निघतो: फॅन बेल्ट, पॉइंट आणि कंडेन्सरचा जोड, रोटर, पंपाचा पडदा, रेडिएटरचा पाइप, ब्रेकच्या वॉशरचा किट, फीलर गेज, तांब्याची तार आणि पाण्याचा कॅन. धुण्याच्या साबणाची वडीही असते, कारण टाकीला बारीक छिद्र पडलं तर त्यात साबण दाबून बसवता येतो आणि पेट्रोलमध्ये तो विरघळत नाही. रेडिएटर किंचित गळत असेल तर त्यात मूठभर हळद टाकण्याची युक्ती आपल्या ट्रकवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरली. हे उपाय पुढच्या गावापर्यंत पोहोचण्यापुरते असतात, कायमचे नव्हेत. घरी आल्यावर रेडिएटर उतरवून नीट झाळून घ्यायचा असतो आणि टाकीचंही तेच.

कायमची दुरुस्ती करणारे हात मात्र कमी होत चालले आहेत. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर 2003 मध्ये ताडदेवला झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर 2023 मध्ये ती रस्त्यावरून गेली. त्या दिवशी वर्तमानपत्रांत हळहळ उमटली ती टॅक्सीसाठी. तिच्यावर पोट असलेल्या मिस्त्रींची फारशी आठवण कुणी काढली नाही. रोज हजारो फियाट धावत होत्या, म्हणून नाक्यानाक्यावर कानाने टायमिंग लावणारा माणूस होता. आता त्याच्याकडे महिन्यातून एखादी हौशी मालकाची गाडी येते. तेवढ्यावर मुलगा बापाचा पाना हातात कसा घेणार?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात नमुना दाखवला तर बुश, पिन किंवा पुली लेथवर जशीच्या तशी करून देणारे कारागीर आहेत. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक डौलात बाहेर पडते त्याच शहरात. ही ताकद पुण्या-मुंबईच्या हौशी मालकांच्या उपयोगी यावी, तर गाड्या तिथवर चालत जायला हव्यात. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहेच. त्याला जोडून कार्बोरेटर, डायनमो आणि ड्रम ब्रेकचा काही महिन्यांचा ऐच्छिक वर्ग सुरू करून आज साठी-सत्तरीत असलेल्या मिस्त्रींना मानधन देऊन शिकवायला बोलावलं, तर खर्च फार होणार नाही. त्याला उशीर मात्र परवडणारा नाही.

इंधनाचा प्रश्नही टाळता येणार नाही. 2000 मध्ये देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं, तेव्हा जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीट झिजू लागल्या. मिस्त्रींनी कडक धातूच्या सीट बसवून तो प्रश्न सोडवला. आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल देशभर पोहोचलं आहे. उसाच्या शेतकऱ्याला त्याचा आधार आहे, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. पण इथेनॉल जुनं रबर फुगवतं, पाणी शोषतं आणि जुन्या कार्बोरेटरमध्ये मिश्रण पातळ करून इंजिन तापवतं. प्रवासाआधी पेट्रोलचे पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे करून घ्यावेत, पंपाचा पडदा बदलावा, मेन जेट एक नंबर मोठा लावावा आणि असं पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने पडू देऊ नये. या शेवटच्या गोष्टीवर गाडी चालवत राहणं हाच सोपा इलाज आहे.

प्रदूषण आणि सुरक्षितता हे आक्षेप खरे आहेत. जुन्या इंजिनाचा धूर नव्यापेक्षा घाण असतो आणि जुन्या गाडीत सीट बेल्टही नसतो. पण वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर फिरणाऱ्या मोजक्या गाड्यांनी शहराची हवा बिघडत नाही. सुरक्षिततेसाठी अटी घालाव्यात. विंटेज नोंदणीच्या गाडीची दरवर्षी ब्रेक, स्टिअरिंग आणि टायरची तपासणी सक्तीची करावी, सीट बेल्ट बसवल्याने मूळ रूप बिघडलं असं मानू नये, द्रुतगती मार्ग वर्ज्य ठेवावेत आणि वर्षाला ठरावीक किलोमीटरपर्यंत खासगी प्रवासाला मुभा द्यावी. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाला यासाठी 2021 च्या नियमांतल्या वापराच्या यादीत ‘खासगी पर्यटन’ एवढी एक नोंद वाढवावी लागेल. तोवर साधी नोंदणी असलेल्या मालकांनी तरी वाट पाहू नये. पहिल्या प्रवासासाठी जुना मुंबई-पुणे रस्ता धरावा, पहाटे निघावं, साठच्या पुढे जाऊ नये आणि शेजारच्या सीटवर, जमलं तर, आपल्या मिस्त्रीला बसवावं.