सूर जुळवण्याआधी वीज जुळवावी

कोणत्याही कार्याची शोभा त्याच्या दर्शनी भागावर जितकी अवलंबून असते, तितकीच ती दृष्टीआड राहणाऱ्या लहानसहान गोष्टींवरही अवलंबून असते. मंदिराचा कळस सर्वांना दिसतो, पाया कोणालाच दिसत नाही. हीच गोष्ट आजच्या संगीतसभेची आहे. श्रोत्यांना गायक दिसतो, साथीदार दिसतात, ध्वनिवर्धक दिसतो; परंतु इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याला, तबला यंत्राला आणि कीबोर्डला वीज पुरवणारी काळी डबी, जिला सर्वजण अडॅप्टर म्हणतात, ती पडद्यामागे कोठेतरी पडलेली असते. कार्यक्रम सुरू होण्यास पाच मिनिटे उरली असता एखादा उत्साही स्वयंसेवक खोक्यात हात घालतो, हाताला येईल तो अडॅप्टर काढतो, आणि त्याची पिन वाद्यात बसली की ‘जमले’ असे म्हणून मोकळा होतो. पिन बसणे आणि अडॅप्टर जुळणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. हा भेद न ओळखल्यामुळे सार्वजनिक वर्गणीतून घेतलेली वाद्ये निकामी होतात, आणि प्रसंगी आगीलाही निमंत्रण मिळते.

ज्या समाजाचे पूर्वज करारमजूर म्हणून समुद्र ओलांडून आले, त्या समाजाला वाद्याची किंमत निराळी सांगावी लागू नये. मॉरिशसला १८३४ पासून करारमजूर जाऊ लागले व त्यांत मराठी कुटुंबेही होती. मलायातील भारतीय करारमजुरी १९१० साली बंद झाली. मळ्यांवरील त्या कष्टमय जीवनात ढोलकी, टाळ आणि तोंडपाठ भजने हीच पुष्कळांची संपत्ती होती. मॉरिशसच्या मराठी वस्त्यांत झाकरी आजही गाजते, ती या जपणुकीमुळेच. त्या वाद्यांना वीज लागत नव्हती. त्यांची निगा म्हणजे चामडे कोरडे ठेवणे आणि दोरी ताणून घेणे. आजच्या वाद्यांची निगा वेगळी आहे, पण निगा राखण्याचे कर्तव्य तेच आहे.

इलेक्ट्रॉनिक तंबोरा ही उसनी वा हलकी वस्तू आहे, असा समज काही रसिकांत अजूनही आढळतो. मिरजेच्या कारागिरांनी भोपळ्यातून घडवलेल्या तंबोऱ्याची सर त्याला येणार नाही हे खरे. त्या कारागिरीला २०२४ साली भौगोलिक मानांकनाचा मानही मिळाला आहे. परंतु सिंगापूरच्या दमट हवेतून वातानुकूलित सभागृहात नेलेला तंबोरा उतरतो, पुनःपुन्हा जुळवावा लागतो, आणि तो जुळवणारा जाणकार हात प्रत्येक भजनी मंडळात नसतो. ही अडचण भारतातही होतीच. बेंगळुरूचे अभियंते व बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७०च्या दशकात इलेक्ट्रॉनिक श्रुतियंत्रे घडवली, आणि एकट्याने रियाज करणाऱ्या विद्यार्थ्याला अखंड षड्ज उपलब्ध झाला. परदेशी वाढणाऱ्या मुलांच्या स्वरज्ञानाला या पेटीने जो आधार दिला आहे, तो लक्षात घेता तिच्या विजेची काळजी घेणे हे संगीतशिक्षणाचेच अंग ठरते.

अडॅप्टरला दोन टोके असतात, आणि चूक दोन्हीकडे होते. प्रथम भिंतीकडील टोक पाहावे. भारत आणि सिंगापूर या दोन्ही देशांत घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट व वारंवारता ५० हर्ट्‌झ आहे. फरक आहे तो पिनांच्या आकारात. भारतातील प्लगच्या पिना गोल असतात, तर सिंगापूरच्या सॉकेटाला तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो. सॉकेटाच्या आत झडपा असतात आणि वरची लांब पिन आत गेल्यावर त्या उघडतात. लहान मुलांच्या संरक्षणासाठी केलेली ही योजना पेन अथवा स्क्रूड्रायव्हर खुपसून मोडून काढणे आणि तेथे दोन गोल पिना दडपणे, हा प्रकार अनेक सभागृहांत सर्रास चालतो. तो तत्काळ थांबला पाहिजे. अशा रीतीने बसवलेली पिन सैल राहते, ठिणग्या पडतात, आणि सॉकेट तापते.

प्रवासात वापरण्याचा पिनबदल्या प्लग केवळ पिनांचा आकार बदलतो, विजेचा दाब बदलत नाही. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची व जपानात १०० व्होल्टची असते. तेथील नातलगांनी प्रेमाने पाठवलेल्या कीबोर्डच्या अडॅप्टरवर फक्त १२० किंवा १०० व्होल्ट असे लिहिले असेल, तर तो येथे लावताच जळण्याचा संभव मोठा. अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असेल, तरच तो दोन्हीकडे चालतो. हे वाचण्यास अर्धे मिनिट पुरते. न वाचल्यास वाद्य गमावण्याची वेळ येते.

आता वाद्याकडील टोक. येथे चार गोष्टी पाहाव्या लागतात, आणि त्या चारही अडॅप्टरवर व वाद्याच्या पाठीवर छापलेल्या असतात.

पहिली गोष्ट विजेचा दाब. वाद्याला ९ व्होल्ट हवे असतील, तर अडॅप्टरही ९ व्होल्टचाच हवा. दाब जास्त झाला तर आतील भाग जळतात. कमी झाला तर आवाज फाटतो, किंवा यंत्र ऐन ख्यालात बंद पडून पुन्हा सुरू होते.

दुसरी गोष्ट प्रवाहाचा प्रकार. एक सरळ रेघ व तिच्याखाली तुटक रेघ हे दिष्ट प्रवाहाचे, म्हणजे डीसीचे चिन्ह. नागमोडी रेघ हे प्रत्यावर्ती प्रवाहाचे, म्हणजे एसीचे. बहुतेक वाद्ये डीसीवर चालतात. परंतु काही छोटे मिक्सर व जुनी प्रतिध्वनी यंत्रे एसीवर चालतात. या दोहोंची अदलाबदल घातक ठरते.

तिसरी गोष्ट धन-ऋण बाजूंची. पिनेच्या मध्यभागी धन की ऋण, हे एका लहानशा आकृतीने दाखवलेले असते. कॅसिओच्या जुन्या कीबोर्डांचा एडी-५ हा अडॅप्टर ९ व्होल्टचा असून त्याच्या मध्यभागी ऋण बाजू असते. यामाहाचा पीए-१३० हा १२ व्होल्टचा असून त्याच्या मध्यभागी धन बाजू असते. दोन्ही अडॅप्टर काळे, दोन्हींच्या पिना दिसण्यात सारख्या; पण एकाचा दुसऱ्याला लावला तर दाबही चुकतो आणि दिशाही उलटते. गिटारवादकांची पायाखालची यंत्रे बहुधा ९ व्होल्टची व मध्यभागी ऋण असलेली असतात, म्हणून त्यांचे अडॅप्टर वेगळेच ठेवणे इष्ट. पिनेच्या मापाचेही ध्यान ठेवावे. बाहेरून ५.५ मिलिमीटर असलेल्या पिनेचे आतील छिद्र कधी २.१ तर कधी २.५ मिलिमीटर असते. मोठ्या छिद्राची पिन बारीक खिळ्यावर सैल बसते, आणि तार जरा हलली की वाद्य मुके होते.

चौथी गोष्ट प्रवाहाची क्षमता, जी मिलिअँपिअरमध्ये दिलेली असते. येथे मात्र लोकांची भीती अस्थानी असते. वाद्याला ५०० मिलिअँपिअर लागत असता १००० मिलिअँपिअरचा अडॅप्टर लावला, तर जास्त वीज शिरून वाद्य जळेल असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. विहीर मोठी असली म्हणून घागरीत तिच्या मापापेक्षा अधिक पाणी मावत नाही. वाद्य आपल्याला लागेल तेवढाच प्रवाह घेते. उलट अडॅप्टर दुबळा असेल तर तो तापतो, आणि खरा धोका तेथे असतो. तात्पर्य, दाब, प्रकार आणि दिशा तंतोतंत जुळाव्यात; क्षमता मात्र हवी तितकी किंवा त्याहून अधिक असावी.

सुरक्षिततेखेरीज सुराचाही प्रश्न आहे. हलक्या प्रतीच्या अडॅप्टरमधून ध्वनिवर्धकात जी गुणगुण येते, ती बहुधा १०० हर्ट्‌झची असते, कारण ती ५० हर्ट्‌झच्या दुप्पट आहे. हार्मोनियमच्या पट्ट्यांत पाहिले तर ही गुणगुण खालच्या पांढरी पाच (९८ हर्ट्‌झ) आणि काळी चार (सुमारे १०४ हर्ट्‌झ) यांच्या मध्ये पडते. ती कोणत्याच पट्टीची नाही. तंबोऱ्याच्या षड्जाखाली असा परका सूर सतत वाजत असेल, तर मुलांचा कान कसा तयार व्हावा? गुरुजींनी वर्षभर घेतलेले श्रम एका निकृष्ट डबीने वाया जाऊ द्यावेत काय?

‘आता भ्रमणध्वनीतच तंबोरा मिळतो, मग ही चर्चा कशाला?’ असा आक्षेप कोणी घेईल. भ्रमणध्वनीचा तंबोरा घरच्या रियाजाला उत्तमच आहे. परंतु सभेत मध्येच दूरध्वनी वाजला की रंगाचा बेरंग होतो, आणि कीबोर्ड, मिक्सर व तबला यंत्र यांची गरज त्याने संपत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. अडॅप्टरवर पैसे कशाला, खोक्यात वीस पडले आहेत, असे खजिनदार म्हणतात. पण त्या वीसांपैकी कोणता कोणाचा, हे ठाऊक नसेल तर तो साठा नव्हे, अडगळ होय. संगे रोडचा जुना बाजार १० जुलै २०१७ रोजी बंद झाला, तरी कोणाचा कोण हे न पाहता वस्तू उचलण्याची तेथील सवय अनेक मंडळांच्या कपाटांत टिकून आहे.

या देशात अडॅप्टर ही नियंत्रित वस्तू आहे. नोंदणी झालेल्या अडॅप्टरवर सुरक्षा चिन्ह असते, आणि या व्यवस्थेची देखरेख शासकीय संस्था करते. सिम लिम टॉवरमधील दुकानांत जाताना वाद्य किंवा निदान त्याच्या पाठीवरील मजकुराचे छायाचित्र बरोबर न्यावे, आणि हे चिन्ह पाहूनच खरेदी करावी. दाब बदलण्याची कळ असलेला सर्वोपयोगी अडॅप्टर घेतलाच, तर योग्य जागी कळ ठेवून ती चिकटपट्टीने बंद करावी. नाहीतर कोणाच्या तरी बोटाने ९ चे १२ झालेले कोणाच्या लक्षातही येणार नाही.

यासाठी फार मोठी योजना नको. प्रत्येक मंडळाने एक जबाबदार व्यक्ती नेमावी. प्रत्येक अडॅप्टरवर वाद्याचे नाव, दाब व धन-ऋण खूण मराठीत लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी; तशीच चिठ्ठी वाद्यावरही असावी. अडॅप्टर वाद्याच्याच पेटीत ठेवावा. तापणारे, तार उघडी पडलेले व ओळख न पटणारे अडॅप्टर काढून टाकावेत. एका सॉकेटावर अडॅप्टरांचा मनोरा रचू नये. हे काम तरुण मुलामुलींकडे सोपवावे. त्यात त्यांना विज्ञानाचा पाठ मिळेल आणि संस्थेच्या मालमत्तेविषयी आपुलकीही वाटेल.

खंडेनवमीला वाद्ये पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहण्याची आपली रीत आहे. त्या दिवशी तबल्याशेजारी आणि पेटीशेजारी अडॅप्टरही मांडावेत, पण पूजेआधी एकेकाची चिठ्ठी वाचून घ्यावी. शस्त्राची पूजा करणारा आधी त्याची धार पाहत असे. विजेवर चालणाऱ्या वाद्याच्या पूजेलाही तीच दक्षता शोभून दिसेल, आणि मग सभेत लागणारा षड्ज निर्वेध लागेल.