घर बांधण्याआधी घरधन्याला विचारा

अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांतली गावे उशिरा झोपली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली आणि काही सेकंदांत किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे दगडमातीखाली गाडली गेली. सरकारी आकड्यांनुसार ७,९२८ माणसे दगावली. भूकंपाची तीव्रता होती ६.२. इतक्या तीव्रतेचे भूकंप जगात दरवर्षी अनेक होतात. मग याच धक्क्याने इतकी माणसे का गेली? त्याचे उत्तर घरांच्या भिंतींत होते.

दोन-अडीच फूट रुंदीच्या त्या भिंती. आतून एक दगडी थर, बाहेरून दुसरा, मधल्या पोकळीत कपच्या आणि चिखल. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड जवळपास कुठेच नाहीत. वर माळवद. पावसाळा तोंडावर आला की गळू नये म्हणून त्यावर मातीचा आणखी एक थर चढायचा आणि पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावरचे ओझे वाढत जायचे. हादरा बसताच भिंती फुगल्या, थर सुटे झाले आणि सगळा भार झोपलेल्या माणसांवर आला. ज्या घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा धड होता, तिथे मात्र भिंती ढासळूनही छत अनेकदा खांबांवर तोलून राहिले. जुन्या घरांत नुसते दोषच नव्हते, जाणतेपणही होते. पण त्या धास्तीत ते कुणाला दिसणार?

मदतीच्या बाबतीत महाराष्ट्र कमी पडला नाही. पहिले हात अर्थातच वाचलेल्या शेजाऱ्यांचे होते. मागोमाग पोलीस, लष्कर, डॉक्टर आणि राज्यभरातून निघालेले कार्यकर्ते पोचले. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. अशा पुढाकाराचे मोल कधीच कमी लेखता येणार नाही.

खरी कसोटी लागते ती त्यानंतर. ढिगारे उपसले जातात, कॅमेरे परततात आणि गाव कुठे वसवायचे, घर कसे बांधायचे, हा प्रश्न उरतो. तो कोणी सोडवायचा, यावरच पुनर्वसनाचे यश ठरते आणि नेमकी इथेच गफलत होते.

सरकारने ठरवून बांधून देणे आणि घरमालकाने स्वतः उभे करणे, हे दोन्ही प्रकार लातूरच्या पुनर्वसनात एकाच वेळी पाहायला मिळाले. जमीनदोस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. ज्या जागी आपली माणसे गेली, तिथे पुन्हा राहायचे नाही, अशी तेव्हा गावकऱ्यांचीही भावना होती. घराचे आकारमान जमीनधारणेवर ठरले : भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, ऐसपैस गाव. पण बैल कुठे बांधायचा, कडबा कुठे रचायचा, भावकीने एकमेकांना हाक मारण्याच्या अंतरावर कसे राहायचे, याचा विचार त्या नकाशांत फारसा झाला नाही. पुढे लोकांनीच घराला पडव्या काढल्या, पत्र्याच्या खोल्या जोडल्या. घरे मजबूत होती, पण ती त्यांच्या जगण्याच्या मापाची नव्हती.

दुसरा प्रकार कमी पडझड झालेल्या गावांतला. तिथे सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्तीचे आणि मजबुतीकरणाचे काम घरमालकांवरच सोपवले गेले. पैसे हप्त्याहप्त्याने मिळायचे, अभियंता सल्ला द्यायचा, गवंडी घरच्यांनी शोधायचा. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला ‘संवाद सहायक’ झाल्या. सिमेंट किती, सळई कुठे, हप्ता का अडला, हे चारचौघांत विचारणाऱ्या त्या बायका पूर्वी ग्रामसभेतही फारशा बोलत नसत. या कामातून घरे सावरली, शिवाय भिंत का पडते याची समज घरात आली. कंत्राटदाराने बांधून दिलेल्या घरातून ती आली नसती.

२६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरले, तेव्हा लातूरकडच्या याच महिलांपैकी काही जणी तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. गुजरातेत बहुतेक गावांनी स्थलांतर नाकारले आणि सरकारनेही मालकाने स्वतः घर बांधण्याचा मार्ग मोठ्या प्रमाणावर स्वीकारला. २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळनेही हप्त्यांत अनुदान आणि तांत्रिक तपासणी हीच पद्धत अवलंबली. हा मार्गही निर्दोष नाही. नावावर जागा नसलेला भाडेकरू, सातबाऱ्यावर नाव नसलेली विधवा, एकटे राहणारे म्हातारे जोडपे यांना ‘स्वतः बांधा’ एवढेच सांगणे म्हणजे त्यांना वाऱ्यावर सोडणे. त्यांच्यासाठी सरकारनेच पुढे व्हायला हवे. पण या मोजक्यांच्या अडचणीवरून सगळ्या गावाचा निर्णयाधिकार काढून घेणे समर्थनीय नाही.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. १९९३ पूर्वी किल्लारीचा पट्टा भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. २१ मार्च २०२४ ला हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा मराठवाड्यातले लोक पुन्हा रस्त्यावर आले. दगडमातीची घरे आजही खेडोपाडी आहेत. त्यांच्या भिंतींत आरपार दगड बसवणे, सिमेंट-सळईचा आडवा पट्टा घालून कोपरे बांधून घेणे, माळवदावरची जादा माती उतरवणे, ही कामे गावचा गवंडी करू शकतो. त्याला ती शिकवायला हवीत.

म्हणून राज्य सरकारने आताच तीन गोष्टी ठरवाव्यात. हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव या जिल्ह्यांत गवंड्यांचे प्रशिक्षण आणि जुन्या घरांच्या मजबुतीकरणासाठी अनुदान सुरू करावे. कोणत्याही आपत्तीनंतर ग्रामसभेच्या ठरावाशिवाय गाव हलवू नये. आणि नव्या घराची मालकी पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवावी. किल्लारीच्या पिढीने याची किंमत आधीच मोजली आहे. पुढच्या धक्क्यानंतर समित्या नेमून हेच पुन्हा शोधत बसण्याची वेळ येऊ नये.